पीडीएफ : तोड, जोड व कुलूप

शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचा उतारा, विद्यार्थ्याचें परीक्षेचें प्रवेशपत्र, पेन्शनराच्या खात्याचें पत्रक आणि न्यायालयाचा निकाल, या चार कागदांत एरवीं कांहींएक साम्य नाहीं. परंतु हे चारहि कागद आज जनतेच्या हातीं बहुधा एकाच वेषांत येतात. त्या वेषाचें नांव पीडीएफ. कोणत्याहि संगणकावर उघडला तरी ज्याचें रूप बदलत नाहीं, ज्यांत ओळ ओळीच्या जागीं आणि शिक्का शिक्क्याच्या जागीं राहतो, असा हा कागद होय. कागद म्हटला कीं मनुष्याला त्याविषयीं तीन गोष्टी कराव्याशा वाटतात. मोठ्या बाडांतून हवीं तेवढींच पानें काढावीं, निरनिराळे कागद एकत्र बांधावे, आणि परक्यानें वाचूं नये म्हणून त्यांस कुलूप लावावें. पैकीं पहिल्या दोन गोष्टी पीडीएफच्या बाबतींत इतक्या सुकर झाल्या आहेत कीं, संगणकाला एका ओळीची आज्ञा दिली म्हणजे काम होतें. तिसऱ्या गोष्टीचा इतिहास मात्र निराळा आहे. कुलूप कोणतें व नुसती विनंति कोणती, हें न ओळखल्यामुळें त्या इतिहासांत एका तरुणास तुरुंग पाहावा लागला, आणि एका बलाढ्य सैन्याचीं गुपितें चव्हाट्यावर आलीं.

या कागदाचे जनक जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की हे दोन अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंतून बाहेर पडून त्यांनीं १९८२ सालच्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियांत अ‍ॅडोबी ही कंपनी स्थापन केली. त्यांचें पहिलें महत्त्वाचें कार्य म्हणजे १९८४ सालीं प्रसिद्ध झालेली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा. पानावर कोणतें अक्षर कोठें व केवढें उमटवावें, हें छापयंत्रास सांगण्याची ती भाषा होती. १९८५ मध्यें अ‍ॅपल कंपनीच्या लेझररायटर यंत्रांत ती बसविण्यांत आली आणि छपाईच्या धंद्यांत मोठी क्रांति झाली. परंतु पोस्टस्क्रिप्टमध्यें एक अडचण होती. हरदासाची कथा पूर्वरंगापासून ऐकल्याशिवाय जसा उत्तररंगाचा धागा लागत नाहीं, तसें पोस्टस्क्रिप्टच्या पन्नासाव्या पानाचा अर्थ लावण्यासाठीं आधींच्या एकोणपन्नास पानांच्या आज्ञा पाळून यावें लागे. मधलें एखादें पान उचलून घेण्याची खात्रीची सोय तींत नव्हती.

१९९१ सालीं वॉर्नॉकनें 'कॅमलॉट' या नांवानें एका योजनेचें छोटेंसें टिपण लिहिलें. एका संगणकावर तयार झालेला कागद दुसऱ्या बनावटीच्या संगणकावर जसाच्या तसा पाहतां व छापतां यावा, एवढाच त्याचा हेतु. त्या टिपणांतून पीडीएफ जन्मास आली व १९९३ च्या जून महिन्यांत ती बाजारांत आली. आरंभीं हा कागद नुसता वाचण्याच्या साधनालाहि किंमत पडे, म्हणून प्रसार मंद होता. पुढें वाचण्याचें साधन फुकट झालें आणि कागद जगभर पसरला. १ जुलै २००८ रोजीं आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें त्याच्या नियमांवर शिक्कामोर्तब केलें, व तेव्हांपासून तो एका कंपनीच्या मालकीचा न राहतां सर्वांचा झाला. गेश्की २०२१ सालीं व वॉर्नॉक २०२३ सालीं निवर्तले. त्यांचा कागद मागें राहिला.

तोडणें व जोडणें इतकें सोपें कां झालें, याचें उत्तर या कागदाच्या अंतर्रचनेंत आहे. पीडीएफ ही शिवलेली वही नव्हे, ती सुट्या पानांची पोथी आहे. फाइलीच्या पोटांत अनेक लहान लहान घटक असतात, व प्रत्येकास क्रमांक दिलेला असतो. एक घटक म्हणजे एक पान, दुसरा म्हणजे त्या पानावरील मजकूर, तिसरा म्हणजे अक्षरांचा साचा, चौथा म्हणजे चित्र. या सर्वांची अनुक्रमणिका फाइलीच्या आरंभीं नसून शेवटीं असते. मूळच्या पद्धतींत तिची प्रत्येक नोंद बरोबर वीस बाइटांची असून, अमुक क्रमांकाचा घटक फाइलीच्या आरंभापासून किती अंतरावर आहे, हें तींत लिहिलेलें असतें. त्यामुळें वाचणारें साधन प्रथम शेवटाकडे जातें, अनुक्रमणिका पाहतें आणि हव्या त्या पानावर थेट उडी घेतें. हजार पानांच्या ग्रंथांतील सातशेवें पान क्षणांत उघडतें, तें यामुळेंच.

आतां दहा पानें वेगळीं काढावयाचीं म्हणजे काय करावयाचें? त्या दहा पानांचे घटक घ्यावयाचे, तीं पानें ज्या साच्यांवर व चित्रांवर अवलंबून असतील तेहि बरोबर घ्यावयाचे, आणि शेवटीं नवी अनुक्रमणिका लिहावयाची. जोडण्याचें काम याच्या उलट. त्यांत एकच पेंच येतो. शाळेंतील दोन तुकड्या एकत्र केल्या, तर पांचव्या क्रमांकाचे दोन विद्यार्थी एकाच हजेरीपटावर येतात. मास्तरांना दुसऱ्या तुकडीस नवे क्रमांक द्यावे लागतात, आणि जेथें जेथें जुना क्रमांक लिहिला असेल तेथें तेथें तो बदलावा लागतो. दोन पीडीएफ जोडतांना साधन हेंच करतें. मजकुराला तें हात लावीत नाहीं. हजेरीपट मात्र नवा लिहितें.

हीं कामें करणारीं पुष्कळशीं साधनें मोठ्या कंपन्यांनीं नव्हे, तर एकट्यादुकट्या कारागिरांनीं घडविलीं व जगाला विनामूल्य दिलीं. पीटर डॉइच यांचें घोस्टस्क्रिप्ट १९८८ मध्यें प्रसिद्ध झालें. तें मूळ पोस्टस्क्रिप्टसाठीं होतें, पुढें पीडीएफहि हाताळूं लागलें. तथापि त्याची रीत अशी कीं तें जुनें पान वाचून नवें पान पुन्हां लिहून काढतें, आणि या नकलेंत कधींकधीं मूळचे दुवे गळतात अथवा चित्रांचा दर्जा उतरतो. २००४ च्या सुमारास सिड स्टुअर्ड यांनीं पीडीएफटीके हें साधन दिलें. त्याची भाषा अगदीं आटोपशीर. 'कॅट' हा शब्द, फाइलींचीं नांवें व पानांचे आंकडे लिहिले कीं जोड तयार. 'बर्स्ट' हा शब्द लिहिला कीं साऱ्या बाडाचीं सुटीं पानें होतात. जावा भाषेंतील मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणाऱ्या ज्या साधनावर पीडीएफटीके उभें होतें, तें २०१७ सालीं मोडीत निघालें, आणि त्याबरोबर अनेक संगणकप्रणालींतून पीडीएफटीकेहि नाहींसें झालें. नंतर तेंच शुद्ध जावा भाषेंत नव्यानें उतरवून पुन्हां चालू करण्यांत आलें. दरम्यान २००८ सालीं जे बर्कनबिल्ट यांनीं क्यूपीडीएफ हें साधन सर्वांस खुलें केलें. पॉपलर या संग्रहांत 'पीडीएफसेपरेट' व 'पीडीएफयुनाइट' अशीं दोन लहान साधनें आहेत. एकाचें काम पानें वेगळीं करणें, दुसऱ्याचें फाइली एकत्र करणें, आणि त्यापलीकडे तीं कांहीं करीत नाहींत.

चित्रांनीं नटलेलीं, बोटानें दाबावयाचीं साधनें असतांना या आज्ञेच्या ओळीचा, म्हणजे कमांड लाइनचा, आग्रह कशासाठीं, असा प्रश्न साहजिक आहे. एक कारण असें कीं, एकदां बरोबर लिहिलेली आज्ञा एका फाइलीस लागते तशी हजार फाइलींस लागते, आणि हात थकल्यामुळें होणाऱ्या चुका टळतात. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. इंटरनेटवरील ज्या स्थळांवर फाइल चढवून ती तोडून अथवा जोडून मिळते, तेथें कागद प्रथम परक्याच्या घरीं जातो. कमांड लाइनचीं हीं साधनें स्वतःच्या संगणकावर चालतात; कागद उंबरठा ओलांडीत नाहीं.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. तरी तींतहि एक सावधगिरी हवी. पीडीएफमध्यें फेरबदल करण्याची एक रीत अशी आहे कीं जुनें कांहीं न पुसतां, शेवटीं पुरवणी व नवी अनुक्रमणिका जोडावयाची. अशा रीतीनें काढून टाकलेलें पान डोळ्यांना दिसत नाहीं, परंतु फाइलीच्या पोटांत तें जसेंच्या तसें असतें. कित्येकदां शंभर पानांतून एक पान वेगळें काढलें तरी त्या एका पानाची फाइल जवळजवळ शंभर पानांच्या वजनाची भरते. कारण सर्व पानांच्या सामाईक साठ्यांतील चित्रें त्या पानाबरोबर आलेलीं असतात. पान दिसत नाहीं म्हणजे तें नाहीं, असें समजूं नये. हा धडा पुढील भागांत पुन्हां येणार आहे.

आतां कुलपाची हकीकत. १९९४ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत पीडीएफला परवलीचे दोन शब्द मिळाले. पहिला शब्द उघडण्याचा. तो ठाऊक नसेल त्याला मजकूर दिसत नाहीं. दुसरा शब्द मालकाचा. छापूं नये, उतरवून घेऊं नये, बदल करूं नये अशीं बंधनें तो ठरवितो. वरवर पाहतां दोन्ही कुलुपेंच वाटतात. वस्तुतः त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

पहिला शब्द खरोखरीचें कुलूप आहे. त्या शब्दापासून एक किल्ली तयार होते व तिनें सर्व मजकूर गूढ लिपींत लिहिला जातो. आरंभीं मात्र ही किल्ली मुद्दामच लहान ठेवलेली होती. गूढ लिपीचीं समर्थ साधनें परदेशांत जाऊं नयेत असा त्या वेळीं अमेरिकन सरकारचा निर्बंध होता, आणि सर्रास निर्यात होणाऱ्या मालांत चाळीस बिटांपलीकडे जातां येत नसे. चाळीस बिट म्हणजे सुमारें १ लाख १० हजार कोटी निरनिराळ्या किल्ल्या. मनुष्याला ही संख्या अफाट वाटते. यंत्राला ती संपविणें अशक्य नव्हतें. २००० सालीं ते निर्बंध सैल झाले. २००१ च्या आवृत्तींत किल्ली १२८ बिटांची झाली, आणि २००४ मध्यें एईएस ही गूढ लिपीची नवी पद्धति आली. दोन बेल्जियन शास्त्रज्ञांच्या कल्पनेंतून निघालेली ही पद्धति अमेरिकन सरकारनें २००१ सालीं प्रमाण म्हणून स्वीकारलेली होती.

दुसरा शब्द कुलूप नव्हे. ती विनंति आहे. उघडण्याचा शब्द न ठेवतां केवळ मालकाचा शब्द ठेवला, तर मजकूर गूढ लिपींत जातो खरा. परंतु त्याची किल्ली रिकाम्या शब्दापासून बनते. त्या रिकाम्या जागेंत भरावयाचीं ३२ बाइटें पीडीएफच्या जाहीर नियमांतच छापलेलीं आहेत. अर्थात् किल्ली सर्वांपाशीं आहे. 'छापूं नये' ही नुसती पाटी. ती मानावयाची कीं नाहीं, हें वाचणाऱ्या साधनाच्या सौजन्यावर अवलंबून. बागेंतील 'फुलें तोडूं नयेत' या पाटीनें सज्जन थांबतो. कुंपण मात्र तेथें नसतें. या ठिकाणीं दोन कारागिरांनीं दोन निरनिराळे मार्ग धरले. पीडीएफटीके अशी फाइल हाताळण्यापूर्वीं मालकाचा शब्द मागतें. क्यूपीडीएफ मागत नाहीं. जी फाइल उघडतां येते तिचें कुलूप काढतांहि येतें हें तें लपवीत नाहीं, आणि योग्यायोग्यतेचा भार वापरणाऱ्यावर ठेवतें. एकानें पाटीचा मान राखला, दुसऱ्यानें ती पाटीच आहे हें स्पष्ट केलें. दोघांचीहि भूमिका प्रामाणिक होती.

कायद्यानें मात्र विनंति व कुलूप यांत असा भेद केला नाहीं. १९९८ सालीं अमेरिकेंत झालेल्या कायद्यानें, ग्रंथस्वामित्वाच्या रक्षणासाठीं लावलेलें बंधन दूर करणारें साधन विकणें हाच गुन्हा ठरला. मॉस्को येथील एल्कमसॉफ्ट कंपनीनें अ‍ॅडोबीच्या पुस्तकरूपी पीडीएफवरील बंधनें काढणारें साधन केलें होतें, आणि रशियन कायद्यास त्यांत वावगें नव्हतें. त्या कंपनीचा तरुण कर्मचारी दिमित्री स्क्ल्यारोव २००१ च्या जुलैंत अमेरिकेंतील लास व्हेगास येथें गेला, व हीं बंधनें किती कच्चीं आहेत यावर त्यानें तेथें तज्ज्ञांपुढें व्याख्यान दिलें. १६ जुलै रोजीं मायदेशीं परतण्याच्या तयारींत असतां त्यास अटक झाली. तक्रार अ‍ॅडोबीची होती; परंतु लोकमत खवळलें, तेव्हां एका आठवड्याच्या आंतच त्याच अ‍ॅडोबीनें त्याच्या सुटकेची मागणी केली. तरीहि त्यास ६ ऑगस्टपर्यंत कोठडींत राहावें लागलें, आणि स्वदेशीं जाण्याची मोकळीक डिसेंबरांत मिळाली. खटला पुढें कंपनीवर चालला. १७ डिसेंबर २००२ रोजीं ज्यूरीनें तिला निर्दोष ठरविलें. निकाल लागला, तरी कच्च्या कुलपाचा दोष तें दाखविणाऱ्याच्या माथीं मारण्याची प्रवृत्ति त्या प्रकरणानें उघडी पाडली.

किल्ली मोठी झाली म्हणजे दार मजबूत झालें, हाहि एक भ्रमच. २००८ सालीं अ‍ॅडोबीनें २५६ बिटांची किल्ली आणली. पूर्वीच्या पद्धतींत परवलीचा शब्द पडताळतांना एकच गणित पन्नास वेळां व दुसरें वीस वेळां करावें लागे. त्यामुळें अंदाजानें शब्द लावून पाहणाऱ्याचा वेळ जाई. नव्या पद्धतींत हें गणित एकदांच करण्याचें ठरलें. किल्ली दुप्पट लांब झाली. परंतु शब्द ताडून पाहणाराचें काम पूर्वीपेक्षां कितीतरी जलद होऊं लागलें. ही चूक त्याच वर्षीं पुन्हां एल्कमसॉफ्टनेंच दाखविली. पुढें गणित अवघड करून ती सुधारण्यांत आली, आणि २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मानकांत सुधारलेली रीत प्रमाण म्हणून आली; तींत किमान चौसष्ट फेरे करावे लागतात.

कुलूप न लावतां मजकूर झांकण्याच्या नादांत झालेले अनर्थ याहूनहि बोलके आहेत. ४ मार्च २००५ रोजीं बगदादच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमेरिकन सैनिकांच्या गोळीबारांत निकोला कालिपारी हा इटालियन अधिकारी ठार झाला. ओलीस धरलेल्या एका पत्रकार बाईस सोडवून तो आणीत होता. चौकशीचा अहवाल पुढच्याच महिन्याच्या अखेरीस पीडीएफच्या रूपानें प्रसिद्ध झाला. सैनिकांचीं नांवें व नाक्यांच्या बंदोबस्ताची माहिती काळ्या पट्ट्यांनीं झांकलेली होती. परंतु पट्टा हा एक घटक आणि त्याखालचा मजकूर हा दुसरा घटक. वाचकांनीं तो मजकूर निवडून दुसऱ्या कागदावर उतरविला मात्र, सारीं नांवें स्पष्ट दिसूं लागलीं. इतका गवगवा होऊनहि ८ जानेवारी २०१९ रोजीं अमेरिकन राजकीय सल्लागार पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनीं न्यायालयांत सादर केलेल्या कागदांत नेमकी हीच चूक झाली, आणि अशिलाचें गुपित वकिलांच्याच हातून फुटलें.

त्याच २०१९ सालीं जर्मनींतील बोखुम व म्युन्स्टर येथील संशोधकांनीं खऱ्या कुलपांतील एक फटहि दाखविली. फाइलीचा कांहीं भाग कुलपांत व कांहीं भाग उघडा ठेवण्यास पीडीएफचे नियम मोकळीक देतात, आणि कुलपांतील मजकुरांत कोणी ढवळाढवळ केली आहे काय, हें पडताळण्याची सोय त्यांत नव्हती. कुलूपबंद फाइल वाटेंत ज्याच्या हातीं पडेल, त्याला परवलीचा शब्द ठाऊक नसला तरी तींत स्वतःची आज्ञा घुसडतां येई. मग खऱ्या धन्यानें योग्य शब्द देऊन फाइल उघडली कीं मजकूर परस्पर बाहेर जाई. संशोधकांनीं वाचण्याचीं सत्तावीस साधनें तपासलीं. तीं सर्व या हल्ल्यास कोणत्या ना कोणत्या प्रकारें बळी पडलीं.

एवढ्यावरून कुलूप लावणें व्यर्थ, असा निष्कर्ष काढणें चूक ठरेल. आधारचें पत्र भारतांतील घराघरांत पोहोंचलें आहे. तें पीडीएफ रूपानें घेतल्यास त्याचा परवलीचा शब्द म्हणजे नांवाचीं इंग्रजी लिपींतील पहिलीं चार मोठीं अक्षरें व जन्मवर्ष. वाट चुकून भलत्याच्या हातीं गेलेल्या पत्रास हें कुलूप पुरतें. पण ज्याला त्या मनुष्याचें नांव ठाऊक आहे, त्याला जन्मवर्षाचे फार तर शंभर अंदाज करावे लागतात. कुलूप दणकट, आणि किल्ली मात्र चौकटीवर ठेवलेली, असा हा प्रकार आहे. असें पत्र पुढें कोणास पाठवावयाचें झाल्यास क्यूपीडीएफसारख्या साधनानें तें २५६ बिटांच्या सुधारलेल्या पद्धतीनें पुन्हां कुलूपबंद करावें. उघडण्याचा शब्द लांब व स्वतःच्या चरित्राशीं संबंध नसलेला असावा, आणि तो पत्राबरोबर न पाठवितां दुसऱ्या वाटेनें कळवावा. आज्ञेच्या ओळींत लिहिलेला परवलीचा शब्द संगणकाच्या पूर्वआज्ञांच्या यादींत मागें राहतो, हेंहि विसरूं नये. पीडीएफटीके तो शब्द विचारून घेऊं शकतें, आणि क्यूपीडीएफ तो वेगळ्या फाइलींतून वाचूं शकतें. या सोयी त्यासाठींच आहेत. जें गुप्त ठेवावयाचें तें काळ्या पट्ट्याखालीं झांकूं नये, फाइलींतून समूळ काढावें.

वॉर्नॉक व गेश्की यांनीं हा कागद केला, तो सर्वांना सारखा दिसावा म्हणून. तें कार्य त्यानें चोख बजाविलें. कोणाला दिसूं नये, ही जबाबदारी त्याच्यावर पुढें येऊन पडली, आणि तेथें तो सदैव थोडा उणा पडत आला. म्हणून ज्याच्या हातीं असा कागद आहे त्यानें तो पाठविण्यापूर्वीं एवढेंच पाहावें, कीं त्यावर कुलूप आहे कीं पाटी.